पंधरा वर्षं होत आलेली गाडी: ठेवावी की बदलावी?

मुलुंडचा_मन्या | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

२०११च्या दिवाळीत घेतलेली वॅगन आर आहे. पेट्रोल, एमएच-०३. येत्या दिवाळीत पंधरा वर्षं भरतील आणि आरसीची मुदत संपेल. रनिंग फार नाही. मी लोकलने ऑफिसला जातो, बायकोचं काम घरून. गाडी लागते ती आईला डॉक्टरकडे न्यायला, रविवारी कुठेतरी, आणि गणपतीत चिपळूणला. वर्षाला चारेक हजार किलोमीटर, बस.

गेल्या वर्षी मात्र गाडीने खाल्लं. क्लच प्लेट, पुढचे दोन्ही लोअर आर्म, एसीची कूलिंग कॉइल. सगळे मिळून ४२ हजार गेले. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, इंजिन टकाटक आहे, अजून पाच वर्षं बघायचं नाही." मेव्हणा म्हणतो, "विकायला गेलास तर ऐंशी हजार येतील आणि तू तिच्यावर बेचाळीस घालतोस?" मुलगी म्हणते एअरबॅग नाहीत, मी हायवेला बसणार नाही. बायको काहीच म्हणत नाही, ते जास्त धोक्याचं.

त्यात सप्टेंबरमध्ये जीएसटी उतरल्यापासून शोरूमवाल्यांचे फोन थांबत नाहीत. आठ-नऊ लाख बाजूला आहेत, कर्ज काढायचं नाही. तुमच्यापैकी कुणी पंधरा वर्षांपुढे गाडी चालवली आहे का? गाडी बदलायची वेळ झाली हे ठरवायचं कसं?

खोपोली_फाटा | रात्री १०:३१

वाचनखूण साठवली. आमची २०१३ची आहे, दोन वर्षांनी हाच धागा मला काढावा लागला असता.

बोरिवलीकर_७७ | रात्री १०:४४

१५ वर्षांनी गाडी भंगारातच द्यावी लागते ना आता? सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

वडाळा_पासिंग | रात्री ११:०५

@बोरिवलीकर, ग्रुपवर काय येईल त्याचा नेम नाही. ती दिल्लीची गोष्ट. हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती उचलून धरली. त्यानंतरही तिथे पुष्कळ उलटसुलट झालं. मुंबईत खासगी गाडीला तसा नियम नाही.

आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की गाडी पासिंगला न्यायची, फॉर्म २५ भरायचा, आरसी पाच वर्षांनी वाढते. पुन्हा पाच वर्षांनी तेच. पूर्वी कारची ही फी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२पासून ५,००० झाली. २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या कारला १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, तोही पाच वर्षांचा एकदम भरायचा.

टॅक्सीचं गणित निराळं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची कमाल मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी रस्त्यावरून गेली. लोकांच्या डोक्यात हे सगळं एकत्र कालवलं जातं.

पुढचं सांगता येत नाही, हे मात्र खरं. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून सरकारला विचारलं होतं की मुंबईतल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का. सरकारने समिती नेमली. ते नव्या गाडीच्या डोक्यावरही आहेच की.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ८:१५

मन्याभाऊ, तुमच्या मेव्हण्याचं गणित सगळा महाराष्ट्र करतो आणि ते चुकीचं आहे. दुरुस्तीचं बिल गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघायचं नसतं. बदली गाडी तुम्हाला वर्षाला कितीला पडेल, त्याच्याशी बघायचं. चहाबरोबर मांडतो.

नवी गाडी: एक्स-शोरूम ७ लाख धरा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ७७ हजार. विमा, किरकोळ धरून रस्त्यावर यायला सव्वाआठ लाख. पाच वर्षांनी विमा कंपनीच्या तक्त्यात तिची किंमत निम्मी धरतात. बाजारात जरा बरी येते, ४ लाख समजू. सव्वाचार लाख गेले, म्हणजे वर्षाला ८५ हजार. त्या काळात सरासरी सहा लाख अडकून पडले, एफडीचं साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३९ हजार. विमा सरासरी २२ हजार. झाले १ लाख ४६ हजार.

जुनी गाडी: आज ८० हजार, पाच वर्षांनी ४० हजार. वर्षाला ८ हजार. व्याज ४ हजार. विमा ७ हजार. पासिंग आणि कर पाच वर्षांत वाटून २ हजार. झाले २१ हजार. त्यात दुरुस्ती मिळवा. गेलं वर्ष जड गेलं, पण क्लच दरवर्षी जात नाही. सरासरी ३० हजार धरले तरी ५१ हजार.

पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी दोन्हीकडे सारखी म्हणून सोडली. तुमच्या चार हजार किलोमीटरला नवी पडते साडेछत्तीस रुपये किलोमीटर आणि जुनी तेरा. जुनीवरची दुरुस्ती दरवर्षी सव्वा लाखाच्या पुढे जाईल त्या दिवशी दोन्ही बरोबरीत येतील. वॅगन आरवर सव्वा लाख खर्च करायला वर्षात दोनदा इंजिन उतरवावं लागेल.

आणखी एक. नवी घ्यायचीच असेल तर ती पाच वर्षांनी बदलण्यासाठी घेऊ नका. तीच सव्वाआठ लाखांची गाडी दहा वर्षं ठेवलीत आणि दोन लाखांना विकलीत तर घसारा वर्षाला साडेबासष्ट हजार. पंधरा वर्षं ठेवलीत तर पन्नास. सगळ्यात महाग असतात ती पहिली पाच वर्षं, आणि तेवढीच पुन्हा पुन्हा विकत घेणारे लोक माझ्या ऑफिसात भरलेत. पगार बरे आहेत, शिल्लक काही नाही.

लोकलप्रेमी | सकाळी ८:५०

हिशेबनीस, मग पुढची पायरीही चढा की. चार हजार किलोमीटरला गाडी हवीच कशाला? १ फेब्रुवारी २०२५पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं मीटर किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. चार हजार किलोमीटरचे झाले ८२,६४०. जुन्या गाडीचे तुमचे ५१ हजार अधिक पेट्रोल बत्तीसेक हजार, जवळपास तेवढेच! वर पार्किंगची कटकट नाही, सोसायटीत मारामारी नाही. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते.

सुनंदा_काकू | सकाळी ९:१२

लोकलप्रेमी, गुडघे बदललेल्या बाईला घेऊन पावसात मुलुंड स्टेशनबाहेर रिक्षा मिळवून दाखवा, मग मीटरचं बोलू. आणि मुलुंडला टॅक्सी? आमच्याकडे रिक्षा चालते हो, रात्री अकराला तीही नाही म्हणते.

मुलुंडचा_मन्या | सकाळी ९:३०

काकू +१. गाडी आईसाठीच आहे, तिच्या व्हीलचेअरसकट. ती वॅगन आरमध्ये ताठ बसून आत-बाहेर करू शकते. मेव्हण्याच्या सेडानमध्ये तिला वाकून ओढावं लागतं.

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून मेव्हण्याला देतो. पण गाडी कशेडीला बंद पडली आणि आत आई असली, त्याचे किती रुपये धरायचे?

हिशेबनीस | सकाळी ९:४१

ते धरता येत नाहीत, मान्य. म्हणून गणपतीला भाड्याची गाडी न्या. वर्षाला ९५ हजार वाचताहेत, त्यातले पंधरा गेले तर बिघडत नाही.

टिंकर_काका | सकाळी ११:२५

चाळीस वर्षं गॅरेज लाइनमध्ये काढली, आता मुलगा बघतो. आकडेमोड छान आहे, पण इंजिन टकाटक असलं म्हणजे गाडी टकाटक असं नसतं. मुंबईत इंजिनं मरत नाहीत, पत्रा मरतो. इंजिनाचं काम करून मिळतं. सडलेला पत्रा जोडून घेता येतो, पण तो पहिल्यासारखा जोर धरत नाही.

दोन गाड्या एकाच वर्षाच्या घ्या. एक वर्सोव्याला समुद्राकडे तोंड करून उघड्यावर उभी, दुसरी मुलुंडला स्टिल्टखाली. दहा वर्षांनी पहिलीचा खालचा पत्रा पापडासारखा वाजतो. मीटरवर दोघींचे किलोमीटर तेवढेच. म्हणून मला कुणी "काका, गाडी किती वर्षं ठेवू" विचारलं की मी आधी विचारतो, उभी कुठे असते?

घरच्या घरी बघायचं तर असं बघा. डिकीतली स्टेपनी काढा, खालच्या खड्ड्यात पाणी साचल्याचा पिवळा डाग आहे का ते बघा. पुढच्या दोन्ही सीटसमोरचं मॅटिंग उचलून हाताने दाबा, ओल लागली तर पाणी कुठूनतरी आत येतंय. बॉनेट उघडून शॉकअपचं डोकं जिथे बसतं तिथली घडी टॉर्चने नीट बघा, तिथे गंज फुगून रंग उचलला असेल तर ती बातमी वाईट. मग खाली वाका आणि दाराखालच्या रनिंग बोर्डवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलके हलके ठोकत पुढून मागे जा. टण् टण् वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला की तिथे आत भुगा आहे. बाहेरून पुट्टी आणि रंग मारून चकाचक केलेली असली तरी आवाज लपत नाही.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. ती चिखलाने बुजतात आणि दार आतून सडतं. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाला बसतो, पाणी तुंबतं आणि ब्लोअरमध्ये उतरतं. पावसाळ्याआधी ही दोन ठिकाणं साफ केली तरी गाडीचं आयुष्य वाढतं, पाच पैशाचा खर्च नाही.

रनिंग बोर्ड आणि शॉकअपची जागा सडलेली असेल तर विका, माझ्या मुलाचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ती ठीक असतील तर क्लच, आर्म, बुश ही खर्चाची कामं आहेत, काळजीची नाहीत.

खोपोली_फाटा | सकाळी ११:४०

काका, सोन्यासारखा प्रतिसाद. आत्ता खाली जाऊन ठोकून आलो. वॉचमन बघत होता.

प्राजक्ता_घोडबंदर | दुपारी १:०५

मुलीच्या बाजूने कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलते. पैसा, पत्रा ठीक, पण २०११च्या बेसिक मॉडेलमध्ये ना एअरबॅग ना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय). एबीएस नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून सक्तीचं झालं, दोन एअरबॅग नव्या मॉडेलना एप्रिल २०२१पासून आणि आधीच्या मॉडेलना त्याच वर्षाच्या अखेरपासून. म्हणजे २०२२ची साधी हॅचबॅकसुद्धा तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी पुढे आहे. मुलुंड ते पवई २०च्या स्पीडला त्याने फरक पडत नाही, पण पावसात एक्स्प्रेस वेवर ट्रकने अचानक लेन बदलली की पडतो.

मी मधला रस्ता काढला. नवी नको आणि जुनी ओढायची नाही, तीन-चार वर्षांची वापरलेली घेतली. हिशेबनीस म्हणतात ती महागडी पहिली वर्षं दुसऱ्या कुणीतरी भरलेली असतात. एकरकमी करही त्याने भरलेला. काकांनी सांगितलं तसं ठोकून बघायचं, आरसीवर बँकेचं नाव नाही ना बघायचं, सर्व्हिस रेकॉर्ड मागायचं. आणि आत्ता भाव पाडून मागा. २२ सप्टेंबर २०२५ला चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनी त्याच भावाला कोण घेईल?

हिशेबनीस | दुपारी १:२०

प्राजक्ताताईंचा मुद्दा माझ्या एक्सेलमध्ये बसत नाही, पण बिनतोड आहे.

चौथा_गिअर | दुपारी २:१०

सगळे चार हजारवाल्यांचं बोलताहेत. माझं खारघर ते बीकेसी रोज, वर्षाला वीस हजार. आठ वर्षांत गाडी थकली, विकली, कंपनीची सीएनजी घेतली. इतकं रनिंग असेल तर इंधनातच पैसे सुटतात. फक्त गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करायची. मन्याभाऊंनी सीएनजीच्या फंदात पडू नये, डिकी जाते आणि आईची व्हीलचेअर मावणार नाही.

एक_लिटर | दुपारी ३:३३

ई२०चं काय? २०११ची गाडी वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. नळ्या, गॅस्केट सगळं गळणार बघा.

टिंकर_काका | दुपारी ४:००

गळणार-गळणार ऐकतोय. ॲव्हरेज थोडं पडतं, ते खरं. जुन्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, त्या तशाही पंधरा वर्षांत बदलायच्याच असतात. फ्यूएल लाइनच्या नळ्या आणि फिल्टर एकदा नवे टाका आणि टाकी महिनोन् महिने अर्धी ठेवून गाडी उभी करू नका, इथेनॉल पाणी धरतं. यासाठी गाडी विकायची गरज नाही.

एक_लिटर | दुपारी ४:०६

कंपनीने लेखी दिलंय का तसं?

टिंकर_काका | दुपारी ४:१५

नाही. कंपनी सांगेल नवी घ्या.

परळ_पूल | संध्याकाळी ६:४०

विम्याबद्दल एक सांगतो. हिंदमाताजवळ माझी गाडी पाण्यात बंद पडली, शेजारच्या माणसाने "मारा सेल्फ" म्हटलं आणि मी हात आवरला म्हणून वाचलो. पाणी सिलेंडरमध्ये जाऊन सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारा विमा) बहुतेक ठिकाणी पाचेक वर्षांपुढे देत नाहीत. म्हणजे जुन्या गाडीला प्लास्टिक-रबरच्या पार्टवर निम्मे पैसे खिशातून. तरी माझं मत, जुनी गाडी अशा पाण्यात न घालण्याइतकी अक्कल आपल्याला नक्की येते. नवी असली की माणूस विम्याच्या जोरावर मिलन सबवेतही घालतो.

गाडी विकलीत तर एनसीबीचं पत्र घ्यायला विसरू नका. क्लेम न केल्याची पन्नास टक्क्यांपर्यंतची सवलत मालकाची असते, गाडीची नाही. ती नव्या गाडीच्या विम्यावर चढवता येते.

कोकणरेल्वे_जनरल | संध्याकाळी ७:०२

स्पेअरचाही विचार करा. माझ्या गाडीची कंपनी भारतातून निघून गेली. गाडी दणकट होती, पण एका हेडलाइटसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन रविवार फिरलो. शेवटी दुसऱ्या गाडीतून काढलेला मिळाला. त्या दिवशी विकायचं ठरवलं. मन्या, तुझी वॅगन आर आहे, तिचे पार्ट नाक्यावर मिळतील. ती अडचण तुला नाही.

मुलुंडचा_मन्या | रात्री ९:१५

काकांनी सांगितलं तसं ठोकून आलो. डावा रनिंग बोर्ड मागच्या चाकाजवळ वीतभर जागेत भद्द वाजतो, बाकी टणटणीत. शॉकअपची जागा साफ. मॅटिंग कोरडं. डाव्या बाजूला आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे, ती ओव्हरफ्लो होते, त्याचा प्रताप असावा.

प्राजक्ताताईंची वापरलेल्या गाडीची कल्पना मुलीला पटली, बायकोने पहिल्यांदा मान वर केली.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. करार झालाय, पावसाळ्यानंतर जागा खाली करायची. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. भाड्याची जागा बघतोय, तिथे पार्किंग मिळेल असं वाटत नाही. याने फरक पडतो का?

हिशेबनीस | रात्री ९:१८

फरक पडतो का!!! अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं.

टिंकर_काका | रात्री ९:२६

मग विषयच मिटला. तीन वर्षं रस्त्यावर उभी राहायची गाडी नवी घ्यायची नाही. टेम्पोवाला बंपर घासून जाणार, पोरं चावीने नावं कोरणार, वरून फांदी पडणार. आणि उंदीर. रस्त्याकडेला गटाराजवळ उभ्या गाडीत उंदीर बॉनेटखाली घर करतात. नव्या गाडीत वायरिंग जास्त, सेन्सर जास्त, एक हार्नेस कुरतडला की बिल डोळे पांढरे करतं. तुझ्या वॅगन आरची वायर तुटली तर नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन टेप मारून जोडून देतो.

प्राजक्ता_घोडबंदर | रात्री ९:४०

काकांना अनुमोदन, माझा सल्ला तीन वर्षं पुढे ढकलते. पण मुलीचं ऐका: तोवर ही गाडी हायवेला काढू नका. चिपळूणला भाड्याची न्या, एअरबॅगवाली मागून घ्या.

टॉवर_पार्किंग_पीडित | रात्री १०:०२

नवीन इमारतीत पार्किंग कसलं मिळणार ते करारात बघितलंत का? हे विचारतोय कारण आम्ही पोळलोय. पुनर्विकासानंतर जमिनीवरचं पार्किंग थोडक्या लोकांना मिळतं, बाकीच्यांना यांत्रिक. स्टॅक नाहीतर टॉवर. बऱ्याच ठिकाणी सेडानच्या पॅलेटला (गाडी ज्यावर उभी राहते तो ट्रे) उंचीची मर्यादा १५५० मिलिमीटर असते. एसयूव्हीचे पॅलेट मोजके आणि त्यावर भांडणं.

आता बघा. बलेनो १५०० मिमी उंच, नवी स्विफ्ट १५२०, या बसतात. पंच १६१५, नाही बसत. आणि तुमची लाडकी वॅगन आर, नवी असली तरी १६७५! आमच्याकडे एकाने ताबा मिळायच्या आधी हौसेने उंच गाडी घेतली, आता ती गल्लीत उभी असते आणि त्याच्या नावाचं पॅलेट रिकामं वर-खाली फिरतं.

तुम्हाला आईसाठी उंच सीट हवी आहे. म्हणजे तुम्हाला उंच पॅलेट किंवा जमिनीवरची जागा लागणार. ती आत्ता करारात लिहून घ्या, अजून वेळ असेल तर. गाडी कुठली ते नंतर ठरेल. इलेक्ट्रिक घ्यायचं मनात असेल तर चार्जिंग पॉइंटचंही आत्ताच विचारा. पॅलेटवर वायर कुठून आणणार?

मुलुंडचा_मन्या | रात्री १०:२०

करार काढून बघितला. "एक यांत्रिक वाहनतळ" एवढंच लिहिलंय. उंचीचा उल्लेख नाही. सेक्रेटरींना मेसेज टाकलाय, त्यांचं उत्तर आलं, "आत्ता झोपा."

सुनंदा_काकू | रात्री १०:२८

ज्येष्ठ नागरिक आणि व्हीलचेअर हे कारण लेखी द्या, सेक्रेटरींना तोंडी काही सांगू नका. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्या म्हणावं.

मुलुंडचा_मन्या | सोमवार, सकाळी ७:५०

रात्री घरात चर्चा झाली. ठरलं असं: डावा रनिंग बोर्ड कापून नवा पत्रा लावायचा, फ्यूएलच्या नळ्या बदलायच्या, दिवाळीआधी पासिंग करून पाच वर्षं वाढवायची. गणपतीला भाड्याची गाडी. नवीन घराचा ताबा मिळाला आणि पार्किंगची उंची कळली की वापरलेली किंवा नवी, तेव्हा बघू. बायकोचं म्हणणं हेच होतं म्हणे, कुणी विचारलं नाही. मेव्हणा नाराज आहे, त्याच्या मित्राचं शोरूम आहे हे काल कळलं.

टिंकर काका, वीतभर पत्र्याला किती लागतील?

टिंकर_काका | सकाळी ८:३०

गाडी बघितल्याशिवाय आकडा सांगणारा खोटं बोलतो. कापल्यावर वीतभराचं हातभर निघतं कधी कधी. एक सांगतो, जुन्यावर पत्र्याची पट्टी चिकटवून पुट्टी मारू देऊ नका. सडका भाग कापून काढायचा, वेल्ड करायचा, आतून अँटिरस्ट मारून घ्यायचं. काम चालू असताना जाऊन फोटो काढा. रंग मारल्यावर सगळं सारखंच दिसतं. आणि टाकीचा ओव्हरफ्लो आधी बंद करा.

वडाळा_पासिंग | सकाळी ९:१०

पासिंगचं: मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मुदत संपल्यावर चालवलीत तर दंड आहेच, अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते. २०१९च्या आधीची गाडी आहे, एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबरप्लेट) बसवली नसेल तर आधी ती बसवा, त्याशिवाय आरटीओत काम अडतं. पीयूसी आणि विमा चालू हवा. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्या, हॉर्न, वायपर, सगळे दिवे तपासा. चेसिस नंबरवर गंज चढला असेल तर वाचता येईल इतका साफ करा.

उद्या विकायची नसली तरी आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का ते बघून ठेवा. कर्ज फिटलं म्हणजे नाव आपोआप उतरतं असं नाही.

मुलुंडचा_मन्या | सकाळी ९:२२

आहे! कर्ज २०१६ला फिटलं, नाव तसंच. एनओसी कपाटात सापडली, तीच चालेल ना?

वडाळा_पासिंग | सकाळी ९:२५

नाही. एनओसी सहसा तीन महिनेच चालते. बँकेकडून नवी मागून घ्या, सोबत फॉर्म ३५ (आरसीवरचं बँकेचं नाव उतरवायचा) सही-शिक्क्यासह. बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं असेल तर आत्ताच्या बँकेच्या नावाने.